कुणाचीच सोलं कुसत नाहीत का?

सोलं म्हणजे मीठ लावून सुकवलेल्या कोकमाच्या साली, आणि कुसणं म्हणजे सडणं. आज दुपारी आमच्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने विचारलं, "पावसामुळे सोलं ओली राहिली, वास यायला लागलाय. आणखी कुणाचं असं झालंय का? काय करायचं?" ग्रुप मोठा आहे. निम्म्याहून जास्त बायका खाण्याच्या धंद्यातल्या. मे महिन्यात त्यांतल्या कितीजणींच्या गच्चीवर सोलं पसरलेली असतात ते मला ठाऊक आहे. उत्तर एकीचंही नाही. तेवढ्यात दुसरीचं रील येऊन पडलं. पांढरं कापड, त्यावर आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या बाटल्या, एकेक बाटली खोक्यात जातेय, मागे गिटार. वर लिहिलेलं, 'पहिल्याच आठवड्यात स्टॉक संपला, ग्रेटफुल.' खाली टाळ्या, हृदयं, 'प्राउड ऑफ यू डिअर'. मी पहिलीला उत्तर लिहितेय तोवर तिचा प्रश्नच गेला. तिने मेसेज पुसून टाकला.

फोन केला तर म्हणते, "काही नाही गो, चुकून पडला मेसेज."

चुकून! सोलं पावसात भिजली याची तिला लाज वाटली. पाऊस काय तिने पाडला? २०२५ च्या २४ मेला मान्सून केरळात पोचला, २००९ नंतर एवढ्या लवकर पहिल्यांदाच, आणि आपल्याकडे तर त्याच्या आधीच कोसळायला लागला होता. ऐन पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत. सोलांचं काम करणाऱ्याला हे दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची, बिया आणि गर वेगळा करायचा, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, संध्याकाळी उचलायच्या, दुसऱ्या दिवशी परत रस, परत ऊन. मधेच ऊन गेलं की संपलं. सगळ्या गोव्याचं ऊन गेलं होतं त्या आठवड्यात. तरी ग्रुपवर बघाल तर फक्त एकीचीच सोलं भिजली आणि बाकी सगळ्यांच्या गच्चीवर काय वेगळा सूर्य होता कोण जाणे.

मी धंद्यात नवी होते तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका म्हातारीच्या शेजारी बसले होते. पेडण्याकडची. तिच्याकडेही सोलं, माझ्याकडेही सोलं. म्हणजे सरळ सरळ स्पर्धा. मला वाटलं आता ही मला उठवणार. तिने माझ्या पाटीतलं एक सोल उचललं, दाबलं, वास घेतला आणि म्हणाली, "अगो बाय, औंदा म्हजीं अर्दीं सोलां कुसलीं. मीठ उणें पडलें. तूं तशें करूं नाका." एवढ्या मोठ्याने, की पुढचं गिऱ्हाईकही ऐकेल. मग मीठ किती, ते कुठल्या दुकानातून घ्यायचं, कुठला व्यापारी तराजूत मारतो, सगळं सांगितलं. आणि शेवटी माझा भाव विचारून म्हणाली, माझ्याहून खाली जाऊ नकोस, दोघी मरू.

मी अजून तिच्याच मिठाने सोलं करते. एकाही वर्कशॉपमध्ये मला एवढं कुणी शिकवलेलं नाही.

आणि वर्कशॉप कमी केली नाहीत हो. मागच्या एकात सरांनी सांगितलं, पेजवर कधी नेगेटिव्ह टाकू नका, सक्सेस दाखवा, लोक सक्सेसकडून विकत घेतात. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. बरं, गिऱ्हाइकाला दाखवा ना सक्सेस, कोण नको म्हणतं? पण आपण एकमेकींनाही तेच दाखवायला लागलो. ग्रुप आपला, बायका आपल्या, तिथेही खोकी भरतानाचे रील! मी तुझं गिऱ्हाईक आहे का? मला तुझी रिबन नको, बाटलीचं झाकण कुठलं वापरतेस ते सांग. माझं आगळ कुरियरमध्ये गळतं. तुझंही गळत असणार. मिठाचं आणि आंबट पाणी ते, पत्र्याचं झाकण खाऊन टाकतं. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि दोघी गप्प.

सगळ्यात संताप येतो तो उधारीचा. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने मला पैशांसाठी पुढचा सीझन येईपर्यंत झुलवलं. नाव लिहीत नाही. मग एका लग्नात गप्पा मारताना कळलं की तिथेच आणखी दोघींचे पैसे अडकलेत. त्यातली एक तर त्या हॉटेलाच्या काउंटरवर आपल्या बरण्या मांडल्याचा फोटो टाकून 'नवी भरारी' लिहून मोकळी झालेली. तो फोटो बघून तिसरी तिथे माल घेऊन गेली! कळतंय का काय होतंय? म्हापशाच्या त्या ओळीत असं हॉटेल एका शुक्रवारात उघडं पडलं असतं. म्हातारीने अख्ख्या बाजाराला ऐकवलं असतं. आता प्रत्येकीने आपापल्या खर्चाने शिकायचं, आपापल्या घरात रडायचं आणि मग तोंड धुऊन रील करायचं.

हे सगळं कधी सुरू झालं तेही मी पाहिलंय. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणलं, आणि नेमक्या त्याच दिवसांत लॉकडाऊनमुळे घराघरांतून धंदे निघाले होते. कुणाचा नवरा जहाजावरून परत आलेला, कुणाचं गेस्ट हाउस बंद. चुलीवर पोट होतं, थट्टा नव्हती. तेव्हा ग्रुपवर खूप विचारायचो आम्ही. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याकडची नोंदणी कशी करायची (वर्षाला १०० रुपये भरले होते मी, आणि एजंट हजारो मागत होता, ते ग्रुपवरच कळलं), पोळी किती दिवस टिकते, घरगुती सिलिंडरवर धंदा चालतो का की धंद्याचा १९ किलोचाच घ्यावा लागतो. मग हळूहळू विचारणं बंद आणि दाखवणं सुरू.

मान्य, त्या इन्स्टाग्राममुळेच पुण्या-बंगळूरहून ऑर्डरी येतात. माझ्याही येतात. बास, एवढंच मान्य.

पण त्याची किंमत बघा. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात स्टॉलसाठी अर्ज भरला तर त्यात रकाना, 'फॉलोअर्स किती'. आगळात पाणी किती हे नाही विचारलं, फॉलोअर्स किती! आणि घरी माझी नणंद. बाई प्रेमळ आहे, वाईट हेतू नाही, पण रोज एक रील पाठवते, "वहिनी, बघ ही किती पुढे गेली." कुठे पुढे गेली? तिला बाटली केवढ्याला पडते, मजुरी किती, घरभाडं कोण भरतं, नवऱ्याचा पगार आहे की नाही, यातलं काही त्या रीलमध्ये असतं का? मी मात्र रात्री झोपायच्या आधी ते रील परत बघते. मग आमच्या भिंतीचा उडालेला रंग दिसायला लागतो.

आता जरा शांत झाले. चहा घेतला.

त्या रीलवालीवर रागावले होते, पण तिला मी ओळखते. दिवसभर एकटी राबते, सासू अंथरुणावर आहे. आणि मला आत्ता टाइप करता करता वाटतंय, तिचा स्टॉक पहिल्याच आठवड्यात संपला तो का संपला? तिच्याकडेही पाऊसच पडला ना? बाटल्या कमीच भरल्या असतील. जेवढ्या भरल्या तेवढ्या गेल्या, म्हणून 'स्टॉक संपला'. खोटं काही नाही त्यात. बुरशी आलेला माल तिने कुठे पुरला ते फक्त कॅमेऱ्यासमोर नाही आलं. ती तरी काय करणार? तिला कुणी शेजारी बसवून सांगितलंच नाही की माझी अर्धी गेली म्हणून. तिच्या समोरही रोज दुसऱ्यांची रीलंच येतात. कदाचित माझीही. माझ्या पेजवर आहेतच की केळीच्या पानावर मांडलेल्या बाटल्या.

म्हातारी आता बाजारात येत नाही. तिच्या जागी तिची सून बसते, आणि परवा तिने मला विचारलं, "ताई, पेज कसं काढायचं?" काढून दिलं. न देऊन कसं चालेल? पण तिला सांगितलं, गिऱ्हाइकाला फोटो दाखव आणि मला हिशेब. हसली. मग तिने सांगितलं, औंदा त्यांची निम्म्याहून जास्त गेली.

आमचीही गेली. लिहितेच. शेवटचा घाणा जवळजवळ सगळा फेकला. जी नुसती ओलसर होती ती परत रसात बुडवून आत पंख्याखाली जाळीवर टाकली, ती वाचली, रंग मात्र काळपट आला, म्हणून भाव उतरवून घरगुती गिऱ्हाइकांना सांगूनच दिली. बुरशी दिसली ती वाचवायला जाऊ नका, एकाने सगळी बरणी जाते. आगळ बरं उतरलं यंदा. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, थोडंच झालं, ते विकायचं नाही, आमच्याच टाचांना लागतं.

तुमचं काय झालं ते लिहा. किलोत लिहा, रुपयांत लिहा. खाली कुणी नुसत्या टाळ्या वाजवल्या तर मी पुसून टाकणार. आणि प्लास्टिकच्या आतल्या बुचाची झाकणं असलेल्या काचेच्या बाटल्या कुणी बेळगाव किंवा कोल्हापूरहून आणवत असेल तर दर सांगा. मी किती देते ते पहिल्या कमेंटमध्ये टाकलंय, दुकानाच्या नावासकट.