खुलासा: मुळाक्षरे पाठ झाली म्हणजे वाचन आले, असे नव्हे
‘मराठी जशी बोलतात तशीच लिहितात, म्हणून “अ”पासून “ज्ञ”पर्यंत पाठ झाले की मूल आपोआप वाचू लागते,’ असा संदेश पालकांमध्ये फिरत असून तो अर्धाच खरा आहे. देवनागरी पुष्कळ अंशी उच्चारानुसारी आहे, हे मान्य. परंतु ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ एकसारखा उच्चारला जात नाही, ‘कमळ’ म्हणताना शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ गळतो, आणि ‘किती’तली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी काढूनही तिचा उच्चार नंतरच होतो. ‘क कमळाचा’ घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे पाटीवर नुसता ‘क’ काढला, तर पुष्कळदा ते ‘कमळ’ असेच उत्तर देते, कारण त्याच्या लक्षात चित्र राहिलेले असते, आवाज नव्हे. म्हणूनच अनेक शिक्षक तक्त्याचा क्रम सोडून अक्षरगट घेतात: ‘क’, ‘म’, ‘ल’ आणि काना एवढ्या सामग्रीवर ‘काम’, ‘माल’, ‘कमाल’ हे शब्द लगेच वाचता येतात. (‘ज्ञ’ची पाळी उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही.) २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत साक्षरता व अंकज्ञान अभियानातही ध्वनींची जाण आणि अर्थासह वाचन यांना स्वतंत्र स्थान आहे.