आवाज बाहेरगावी गेलाय

डोंबिवलीच्या एका काकांकडून जुना अँप्लिफायर घेतला. घासाघीस चालू असताना काकांनी एकच वाक्य तीनदा ऐकवलं, "परवापर्यंत वाजत होता." जुन्या वस्तूंच्या बाजारात सगळं परवापर्यंतच वाजत असतं.

अकरा किलोंचं ते धूड मांडीवर घेऊन स्लो लोकलमध्ये बसलो. कोपरला समोरच्याने विचारलं, "इन्व्हर्टर का?" दिव्याला शेजारच्याने किंमत विचारली. मुंब्र्याला मी फसलोय यावर दोघांचं एकमत झालं आणि कळवा येईपर्यंत मलाही ते पटलं.

पाचपाखाडीला घरी आलो, माळ्यावरचे स्पीकर उतरवले. लाल वायर लालला, काळी काळ्याला, फोनची पिन 'ऑक्स'ला. लाइट लागला. आवाज नाही.

मग भाजीच्या सुरीने वायरी नव्याने सोलल्या (यावर घरात झालेली चर्चा इथे देत नाही). व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला. 'सीडी'ला लावून पाहिलं, 'ट्यूनर'ला लावून पाहिलं. शेवटी 'फोनो' लिहिलेली जागा दिसली. "अहो, फोन लावायचाय ना? मग फोनोच की!" बायको म्हणाली. मला ते एकदम शास्त्रशुद्ध वाटलं. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची. त्याच्या सुईतून जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट येतात, म्हणून तिथे आलेला सिग्नल आधीच शंभरेक पट फुगवला जातो, हे ज्ञान पुढचं. तेव्हा तिथेही शांतताच होती.

रात्री अकराला काकांना फोन केला.

"टेप मॉनिटरचं बटण आत आहे की बाहेर?"

"आत."

"मग कसा वाजेल? आवाज डेककडे गेलाय!"

डेक म्हणजे कॅसेट भरायचं यंत्र. कॅसेट कशी भरली जातेय ते ऐकायला हे बटण. ते दाबलं की अँप्लिफायर स्वतःचं काही ऐकवत नाही, डेककडून काय परत येतंय त्याची वाट बघत बसतो. माझ्याकडे डेकच नाही. म्हणजे चार तास आवाज परतीचं तिकीट न काढता बाहेरगावी गेला होता आणि मी त्याला घरात शोधत होतो.

बटण बाहेर काढलं. पिन फोनोतच होती. व्हॉल्यूमही शेवटालाच. आणि फोनवर गाण्याआधीची जाहिरात लागली होती.

गुडघेदुखीच्या तेलाची महती अख्ख्या सोसायटीला फाटक्या आवाजात समजली. बायकोने मेन स्विचच पाडला, फ्रिजसकट.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, बनियनवर. मी माफीसाठी तोंड उघडलं, तर ते मला ओलांडून आत गेले आणि मोबाइलच्या टॉर्चने अँप्लिफायरच्या मागे डोकावू लागले.

"ऑक्सला लावा. आता हळूच वाढवा."

लावलं. त्यांनी एकेका स्पीकरला कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"डावा बंद आहे," असं म्हणून त्यांनी जमिनीवर मांडी ठोकली. "वहिनी, ती भाजीची सुरी द्या जरा."