बैल बुजायलेत, लाईट खाली घ्या

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे, पण वाचा.

आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वी मिरजेत झालं. आज दाखवायला न्यायचं होतं. नंबर लागेपर्यंत साडेसहा वाजले, निघालो तेव्हा अंधार पडलेला. सांगलीवाडी सोडल्यापासून आष्ट्यापर्यंत समोरून जे अंगावर आलं, त्याला गाड्यांचे दिवे म्हणायचं का वेल्डिंग, ते तुम्हीच सांगा. पांढरे, निळसर, डोळ्यात सुया टोचाव्यात तसे. आईनं काळा चष्मा घातलेला, वर पदर धरलेला, तरी तुंगच्या अलीकडं म्हणाली, "आरं बाबा, जरा थांबीव गाडी. डोळ्यात कायतरी टोचल्यागत हुतंय."

थांबवली. साईडपट्टीवर गाडी घेऊन पाच-सात मिनिटं ती डोळे मिटून बसली आणि मी शेजारी नुसता चरफडत. परत निघालो तर समोरून एक उंच गाडी आली. हेडलाईट दोन, बंपरात धुक्यासाठीचे फॉग लॅम्प दोन, टपावर एलईडीची पट्टी, सगळं एकदम चालू. मी डिपर मारला, म्हणजे लाईट खाली घे अशी खूण केली. त्यानं उलट माझ्यावर अप्पर, म्हणजे वरचा लांबचा उजेड, मारला. तेव्हा कळलं, आधी जे चालू होतं तो त्याचा डिपर, म्हणजे खाली घेतलेला उजेड होता!

आता खरं सांगतो. असेच बल्ब चार वर्षांपूर्वी मी स्वतः लावले होते. त्यामुळं मी हे बाहेरून बोलत नाही.

गाडी जुनी घेतलेली, कंपनीचे हॅलोजन मिणमिणते. पावसाळ्यात ओल्या डांबरावर तर दिवे लागलेत का नाही हे उतरून बघावं लागायचं. एका दुकानात गेलो. त्यानं एलईडी बल्ब काढून दाखवला, मागं एवढासा पंखा, खोक्यावर २०,००० लुमेन (उजेड मोजायचं माप) छापलेलं. दहा मिनिटांत बसवले, समोरच्या शटरवर उजेड पाडून दाखवला, पैसे घेतले. शटर लख्ख पांढरं झालेलं बघून मीही खूश. भिंतीवर उजेड किती उंच चढलाय हे ना त्यानं बघितलं ना मी.

पंधरा दिवसांनी, जानेवारीत, रात्री अकराच्या सुमाराला इस्लामपूरहून आष्ट्याकडं येत होतो. कारखाने जोरात चालू होते. समोरून उसाची बैलगाडी आली. अंधारात आधी बैलांचे डोळे चमकले, हिरवे, चार ठिपके. मग ते ठिपके एकदम बाजूला सरकले. गाडी तिरकी झाली, डावं चाक साईडपट्टीवरनं खाली उतरलं आणि वरच्या पाच-सहा मोळ्या धडाधड रस्त्यावर आल्या. गाडीवान उडी मारून खाली आला आणि पहिलं काय केलं, तर अलीकडच्या बैलाच्या डोळ्यांवर स्वतःचा हात धरला. स्वतःचं तोंड फिरवलेलं, डोळे घट्ट मिटलेले, आणि हात बैलाच्या डोळ्यांवर. ओरडला नाही. म्हणाला, "सायेब, बैल बुजायलेत, लाईट खाली घ्या."

मी दांडी ओढून बघितली. लाईट खालीच होता.

हे मला चार वर्षं झाली तरी विसरता येत नाही. माझ्या हिशोबानं मी नियमानं चाललो होतो. डिपरवर होतो, वेग चाळीसच्या आत होता. आणि तरी तो माणूस आंधळा झालेला होता.

थोडं बल्बाबद्दल सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. जुना काढलेला हातात घेऊन बघा. आत दोन तारा दिसतील. पुढच्या तारेच्या खाली चमच्याएवढी पत्र्याची वाटी असते. ती तार डिपरची. खाली जाणारा उजेड ती वाटी अडवते, म्हणून उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बामागच्या चकचकीत परातीच्या, वरच्या निम्म्या भागावरच पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर येतो. समोरच्या माणसाचे डोळे वाचतात ते त्या एवढ्याशा वाटीमुळं. अख्खा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. तिथं तुम्ही एलईडी बल्बाची, दोन बाजूंना चिप चिकटवलेली जाड पट्टी घुसवलीत, की मिलिमीटरभर फरकानं सगळा हिशोब बिघडतो. वाटीची नक्कल असलेले एलईडी बल्बही मिळतात, पण बसवताना जरा तिरका बसला तरी उजेड वर फुटतो. आणि लुमेनचं म्हणाल तर प्रमाणित एच-४ हॅलोजन डिपरवर साधारण १००० आणि अप्परवर साधारण १६५० लुमेन देतो. वीस हजार छापणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणून तो छापतो.

प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून उजेड टाकणारे दिवे, बसवून घेणाऱ्यांनी अजून एक ध्यानात ठेवा. आपण रस्त्याच्या डावीकडनं चालतो, म्हणून आपल्या डिपरचा उजेड डावीकडं थोडा वर चढलेला असतो, कडेची माणसं आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. ऑनलाईन येणारे काही प्रोजेक्टर उजवीकडनं चालणाऱ्या देशांसाठी केलेले असतात. त्यांचा चढ उजवीकडं. म्हणजे नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर.

माझा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही एकदा लावून तर बघा, रात्रीचा दिवस होतोय." अरे बाबा, तुझ्यासाठी दिवस होतोय. तुझ्या समोरच्या दुचाकीवर नवरा-बायको आणि मधे पोरगं असतं, त्यांच्यासाठी रात्रीहून काळी रात्र होते. साठच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळे दिपल्यावर सावरायला तीन सेकंद लागले तरी ५० मीटर माणूस काही न बघता चालवतो. त्या ५० मीटरांत आपल्या रस्त्यावर काय काय असतं? मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली, सायकलवाला, कुत्रं, खड्डा. आणि म्हाताऱ्या डोळ्यांना सावरायला अजून वेळ लागतो. आज आईजवळ बसून बघितलंय मी.

या भाच्याबरोबरच गेल्या जुलैत वाईहून पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात असं धुकं उतरलं, की बॉनेटच्या पुढं काही नाही. त्यानं मोठ्या हौसेनं पांढरे एलईडी फॉग लावलेले, हेडलाईटही तसलेच, सगळं चालू केलं. समोर पांढरी भिंत उभी राहिली. अप्पर मारला तर भिंत अजून जवळ आली. शेवटी मी म्हटलं, फॉग बंद कर, डिपरवर ठेव, पंखा काचेवर घे आणि डावीकडची पांढरी रेघ धरून चल. तसे वर पोचलो.

फॉग लॅम्प म्हणजे जादा हेडलाईट नव्हे, हे कुणीतरी मोठ्यानं सांगायला पाहिजे. तो बंपरात खाली असतो तो शोभेसाठी नव्हे. धुक्याच्या पडद्याखालून, रुंद आणि चपटा उजेड जवळच्या रस्त्यावर पडावा, वर अजिबात जाऊ नये, एवढंच त्याचं काम. पिवळा रंग धुकं फाडतो असं सगळे म्हणतात, पण धुक्याचे थेंब एवढे मोठे असतात की पांढरा काय आणि पिवळा काय, विखुरतो सारखाच. पिवळा डोळ्याला कमी टोचतो, एवढा फायदा मात्र खरा, म्हणून माझ्या गाडीला पिवळेच आहेत. पण खच्चून एलईडी भरून, वर तोंड करून, चांदण्या रात्री कोरड्या रस्त्यावर फॉग लावून फिरणारे लोक कुठलं धुकं शोधत असतात?

असे दिवे लावणाऱ्यांचं एक म्हणणं मान्य. कंपनीवाले स्वस्त गाड्यांना दिवे कंजूषपणानं देतात. आणि ऊसवाल्या ट्रॉल्यांना मागं धड रिफ्लेक्टर नसतात, हेही खरंच. आणि हो, ज्या गाड्यांना मुळातच एलईडीसाठी घडवलेले दिवे येतात त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पण उजेड कमी पडतो त्यावर उपाय नाहीत असं थोडंच आहे! त्या रात्रीनंतर आठवड्यात मी ते बल्ब काढून टाकले. आमच्या ओळखीच्या वायरिंगवाल्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी आधी बल्बाकडं बघितलंच नाही. होल्डरला मीटर लावला. बॅटरीपासून होल्डरपर्यंत येताना व्होल्टेज गळत होतं, अर्थिंगला गंज होता. ते म्हणाले, "बल्ब उपाशी हाय तुमचा." हॅलोजनचं असं असतं की दहा टक्के व्होल्टेज कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी पडतो. त्यांनी रिले (दिव्याचा भार स्विचवर येऊ न देणारी डबी) टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर आणली, अर्थिंग घासून घट्ट केलं. मग हेडलाईटची पिवळी पडलेली काच बारीक पॉलिश पेपरनं पाणी मारून घासली, कंपाऊंड लावलं. बल्ब साधाच, ६०/५५ चा, चांगल्या कंपनीचा. बसवताना काचेला बोट लावू दिलं नाही. बोटाचं तेल तापलं की काच तिथंच तडकते म्हणाले. सगळं मिळून त्या एलईडीपेक्षा कमी खर्च आला. आणि उजेड रस्त्यावर दिसायला लागला, झाडांच्या शेंड्यांवर नाही.

रिले नसताना १००/९० वॅटचे बल्ब टाकू नका, हेही त्यांनीच सांगितलं. वितळलेला होल्डर दाखवला, प्लॅस्टिक मेणासारखं ओघळलेलं.

कायदाही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ वा नियम याचसाठी आहे, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. पण पावती फाटेल या भीतीनं सुधारणारा माणूस पोलीस दिसला की तेवढ्यापुरता पट्टी बंद करतो, पुढं गेला की परत चालू. मला त्या भीतीचं काही पडलेलं नाही. आपण सगळी याच रस्त्यावरची माणसं आहोत. तुमची आई, माझी आई, कुणाची तरी बायको पोराला घेऊन उसाच्या मोळ्यांवर बसलेली.

हो, त्या रात्री वर एक बाई होती. सांगायचं राहिलं. मोळ्या घसरल्या तशी ती पोराला छातीशी धरून दुसऱ्या बाजूला सरकली म्हणून वाचली. चादरीत गुंडाळलेलं दोन-अडीच वर्षांचं पोर. मी माझे दिवे पूर्ण बंद केले, आणि डोळे स्थिरावल्यावर चांदण्यात सगळा रस्ता दिसायला लागला. गाडीवानानं आणि मी मिळून मोळ्या वर चढवल्या. उसाची पात हाताला कापली, दोन दिवस चुरचुरत होती. माणूस बीडकडचा. जाताना म्हणाला, "तुमची काय चूक नाई, सायेब, रस्ताच अंधाराचा हाय." मी काही बोललो नाही. माझीच चूक होती आणि तेवढं म्हणायचं धाडस मला झालं नाही. आज इथं म्हणतोय.

आजचा तो पांढऱ्या दिव्यांचा माणूस दुष्ट असेल असं मला आता, हे लिहिता लिहिता, वाटत नाही. त्यालाही कुणीतरी शटरवर उजेड पाडून दाखवला असेल.

अजून एक गोष्ट, फुकटची. तुमच्या डॅशबोर्डावर ०, १, २, ३ असं लिहिलेलं एक चाक असेल. दहातल्या आठ मित्रांना ते कशाचं हे माहीत नसतं, मी विचारून बघितलंय. ते हेडलाईट खाली-वर करायचं आहे. मागं माणसं बसली, डिकी भरली, की गाडीचं नाक वर उठतं आणि दिवेही वर जातात. तेव्हा ते २ किंवा ३ वर घ्यायचं. आत्ताच उठून बघा, गाडी दारातच असेल.

रविवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या घरासमोरच्या गोडाऊनच्या भिंतीपाशी या. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करायची, दिव्याच्या मधल्या उंचीवर खडूनं रेघ मारायची, डिपरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली यायला पाहिजे. स्क्रू फिरवायला पाच मिनिटं लागतात. खडू, टेप, स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडं आहे. मिस्त्रींनाही विचारलंय, ते येतो म्हणालेत. भाचा येणार आहे, त्याची गाडी पहिली.