रांग बायकांच्याच दाराबाहेर का लागते?

इमारती पुरुषांच्याच मापानं बांधल्या जातात का, या वादाला तोंड फुटलं ते अण्णांच्या एका वाक्यावरून. "आत कोण वावरतंय ते इमारतीला काय कळतंय! माप म्हणजे माप. त्यात बाई-पुरुष कुठून आणता?" अण्णा बांधकाम ठेकेदार, वयानं कट्ट्यावर सगळ्यांत मोठे. बाजूला मेधा आर्किटेक्ट, सुबोध एसीची डिझाइनं करणारा आणि रेश्मा साइटवरची सेफ्टी बघणारी. असलं वाक्य टाकायला त्यांनी नेमकी चुकीची संध्याकाळ निवडली.

"माप कुणाचं, एवढंच विचारतेय अण्णा," मेधा म्हणाली. "ल कॉर्बुझिए या नामवंत आर्किटेक्टनं 'मोड्युलॉर' नावाची मापांची पद्धत काढली. त्यातला माणूस आधी १.७५ मीटरचा होता, नंतर १.८३ केला. हात वर केला की २.२६. फ्रान्समधल्या मार्सेलच्या त्याच्या प्रसिद्ध इमारतीत घरांच्या छताची उंची तेवढीच आहे. तो माणूस पुरुष, तोही उंच. मग फळी, कठडा, ओटा सगळं त्याच्या हाताला येतं. दुसऱ्याच्या आलं तर नशीब."

"मी काही त्याचं पुस्तक उघडून भिंत बांधत नाही."

"बरं, मग रोजचं घेऊ. नाट्यगृहाचं टॉयलेट. तुम्ही ड्रॉइंग मागता तेव्हा काय येतं? एक बाजू काढलेली, दुसरी मिरर मारलेली. क्षेत्रफळ सारखं, म्हणजे न्याय झाला असं सगळ्यांना वाटतं. आता हिशेब करा."

हिशेब मोबाइलवर झाला, आणि अर्धी संध्याकाळ त्यातच गेली. ९ मीटर लांबीची एक भिंत धरा. पुरुषांच्या बाजूला ७५ सेंटीमीटरला एक याप्रमाणे १२ युरिनल बसतात. बायकांच्या बाजूला दार असलेलं ९० सेंटीमीटरचं एक क्युबिकल, म्हणजे १०. मध्यंतरात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १८० माणसं आली. युरिनलला माणशी ४५ सेकंद, क्युबिकलला ९० सेकंद असं गृहीत धरू. पुरुषांचं काम सव्वाअकरा मिनिटांत आटोपतं. बायकांना २७ मिनिटं लागतात. मध्यंतर १५ मिनिटांचं.

"मग त्यांनाही १२ द्या, झालं," अण्णा.

"१२ दिली तरी साडेबावीस मिनिटं. १५ मिनिटांत बसवायचं तर १८ लागतात. आणि ही सगळी माणसं एका लयीत आत-बाहेर करताहेत, एकही क्युबिकल बंद पडलेलं नाही असं धरून. प्रत्यक्षात पहिल्या दोन मिनिटांत सगळी एकदम येतात."

"पण बायकांना वेळ जास्त लागतो, यात इमारतीचा काय दोष?"

इथे रेश्मा मधे पडली. "वेळ लागतो तो आरशासमोर, असंच मनात आहे ना तुमच्या? रांग दाराशी असते, अण्णा, बेसिनशी नाही. आत शिरणं, दार लावणं, कपडे सांभाळणं, पाळी असेल तर पॅड बदलणं, सोबत पोर असेल तर त्याचं. पुरुषाला दारच नाही. चालत गेला, उभा राहिला, निघाला."

मेधानं मग आकड्यांपलीकडच्या चुका काढल्या. हा भाग मला सगळ्यांत कामाचा वाटला. क्युबिकल ८० सेंटीमीटर रुंद काढतात, दार आत उघडतं, आणि सॅनिटरी पॅडची कुंडी नकाशात कुणी धरलेलीच नसते. इमारत सुरू झाली की ती कमोडच्या कडेला कोंबली जाते, मग गुडघा तिला लागतो किंवा दार तिच्यावर आपटतं. कुंडी धरायची तर रुंदी ९० च्या खाली नको, किंवा कुंडी बाजूच्या पार्टिशनमध्ये बसवायची. दाराला हुक नसेल तर पर्स जाते ओल्या फरशीवर. शिवाय रांगेला जागाच ठेवलेली नसते. ती पॅसेजमध्ये येते, आणि तो पॅसेज बऱ्याचदा बाहेर पडायचा मार्ग असतो. म्हणजे सोय-गैरसोयीचा प्रश्न आगीच्या सुरक्षिततेचा होऊन बसतो.

"सगळं एकत्र करून टाका. सगळ्यांना एकच," सुबोध म्हणाला.

"करता येतं," मेधा म्हणाली, "पण युरिनल काढून टाकलीस तर एकूण वेग पडतो. युरिनल आडोशाला वेगळी ठेवायची आणि क्युबिकल तेवढी सामाईक करायची. मग मोकळं झालेलं क्युबिकल रांगेतल्या पुढच्याला मिळतं, तो कुणी का असेना. पण पार्टिशन जमिनीपासून छतापर्यंत हवं. खाली फट ठेवून सामाईक केलंत तर कुणी वापरणार नाही. आणि एकदा पूर्ण बंद केलं की प्रत्येकात स्वतंत्र एक्झॉस्ट, दिवा, स्मोक डिटेक्टर हे सगळं तुझ्या आणि इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर."

सुबोध गप्प बसणारा नव्हे. ऑफिसात बायका शाल घेऊन का बसतात, हे मेधानं त्याच्यावर ढकललं, तर तो म्हणाला की हे अर्धंच खरं आहे. खोलीचं तापमान ठरवायच्या गणितात १ मेट म्हणजे शांत बसलेल्या माणसाची उष्णता, ५८.२ वॉट प्रति चौरस मीटर, आणि तो आकडा सरासरी पुरुषावरून आलेला. २०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलेल्या अभ्यासात ऑफिसचं हलकं काम करणाऱ्या तरुण स्त्रियांची उष्णता मोजली, तेव्हा प्रमाणित आकडे ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरले गेल्याचं दिसलं. "पण मी साइटवर जातो तेव्हा गुन्हेगार वेगळा सापडतो. यंत्र गरजेपेक्षा मोठं घेतलेलं असतं, हवेच्या प्रवाहाची किमान मर्यादा फार वर ठेवलेली असते, त्याखाली तो जाऊच दिलेला नसतो. खोलीत चार माणसं असली तरी वीस माणसांची गार हवा पडत राहते. ती मर्यादा उतरवली की निम्म्या तक्रारी जातात. थर्मोस्टॅट मात्र सूट घातलेल्याच्या केबिनमध्ये असतो, हे कबूल."

अण्णांना आता चेव आला होता. "म्हणजे सगळं बायकांच्या मापानं करा, असंच ना?"

"नाही," मेधा म्हणाली, आणि हे तिचं मला पटलं. "१९२६ चं फ्रँकफर्ट किचन घ्या. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्कीनं केलेलं. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, एकेक पाऊल मोजून आखलेलं, बसून काम करायला फिरतं स्टूल, खिडकीखाली कामाचा ओटा. बाईचे कष्ट वाचावेत हा हेतू खराच होता. पण आत दुसरं माणूस शिरलं की दोघांची ढोपरं लागतात. एकच माणूस स्वयंपाक करणार आणि ते माणूस बाईच, हे भिंतीतच लिहून ठेवलंय. म्हणून ओटा कुणाच्या सरासरीचा करायचा हा प्रश्नच चुकीचा. उभं राहिल्यावर कोपराखाली १० ते १५ सेंटीमीटर, हा नियम धरा, खाली फिरवायचे पाय द्या. माणूस बदललं की ओटा वरखाली करता येतो."

व्हिएन्नाचा दाखला तिनं ओझरता दिला. १९९७ साली पूर्ण झालेली 'फ्राउएन-वेर्क-श्टाट' ही ३५७ घरांची वसाहत, आराखडे स्त्री आर्किटेक्टांचे. मजल्यामजल्यावर बाबागाडी ठेवायला जागा, घरातून अंगणातली पोरं दिसतील अशा खिडक्या. त्याचा फायदा म्हाताऱ्यांनाही होतो, हे सांगायचं तिनं टाळलं, कारण अण्णांनी ते स्वतःच म्हटलं.

रेश्माचं म्हणणं थेट साइटवरचं. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे उंचीवर काम करताना अंगावर बांधायचे पट्टे, मोठ्या मापाचा असेल तर तो नुसता ढिला नसतो. मांडीचा पट्टा आवळला की सपाट हात आत जावा, मूठ जाऊ नये. पाठीवरची दोर अडकवायची डी-रिंग खांद्यांच्या हाडांमध्ये हवी. लांब धडाचा हार्नेस बुटक्या माणसाला घातला की ती रिंग खाली उतरते, आणि पडल्यावर माणूस पुढे कलंडून लटकतो. छातीचा पट्टा गळ्याकडे सरकतो. "छोट्या मापाचे हातमोजे नाहीत म्हणून मोठे दिले की टोकं ड्रिलमध्ये अडकतात. बुटात दोन मोजे घालून भागत नाही, टाच निसटतेच. ऑर्डर देताना मापं लिहून घ्यायची, 'फ्री साइज' लिहायचं नाही. बुटकी, बारीक पोरंही त्याच हार्नेसमध्ये असतात."

"आणि सिमेंटचं पोतं?" अण्णा हसत म्हणाले. "ते काही बायकांना झेपत नाही."

"५० किलो पुरुषाच्या कमरेलाही झेपत नाही अण्णा, तो फक्त बोलत नाही. ब्रिटनमध्ये ते २५ किलोचं झालं ते पाठीच्या दुखण्यांमुळे."

कामावर नाव कुणाचं लागतं हा मुद्दा शेवटाकडे आला आणि लवकर संपला, कारण त्यावर भांडायला फारसं नव्हतं. १९९१ चं प्रिट्झकर, आर्किटेक्टांना मिळणारं मानाचं पारितोषिक, एकट्या रॉबर्ट व्हेंचुरींना दिलं गेलं. डेनिस स्कॉट ब्राउन त्यांच्या फर्मच्या भागीदार, कित्येक कामांत बरोबरीच्या. २०१३ मध्ये फेरविचाराची मागणी झाली, ज्युरीनं नाकारली. २००४ मध्ये झाहा हदीदना मिळेपर्यंत एकही स्त्री त्या यादीत नव्हती. मेधाचा उपाय रुक्ष आहे: ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये डिझाइन कुणाचं, काढलं कुणी, तपासलं कुणी, तिन्ही रकाने भरायचे, "ऑफिस" एवढंच लिहायचं नाही.

अण्णा उठताना म्हणाले, "ते १८ क्युबिकलचं मला पटलेलं नाही. खर्च कोण करणार?"

"पटू नका, पण स्लॅब टाकायच्या आधी ठरवा. युरिनलला ५० मिलिमीटरचा पाइप पुरतो, कमोडला १०० चा लागतो, उतारही हवा. नंतर पुरुषांची बाजू बदलायची म्हटली तर स्लॅबला भोकं पाडावी लागतील, आणि पोस्ट-टेन्शन, म्हणजे आत ताणलेल्या केबल असलेला, स्लॅब असेल तर केबल कुठून गेलीय ते स्कॅन केल्याशिवाय ड्रिल लावता येत नाही. आत्ता कमोडच्या पाइपची जादा तोंडं काढून बूच मारून ठेवलीत तर नुसता पाइपचा खर्च."

"किती तोंडं?"

"आठ."

"सहा," अण्णा म्हणाले, आणि मग आणखी पंधरा मिनिटं उभ्याउभ्याच भांडले.