जिन्यातले देव

जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवण्याची युक्ती ज्याने प्रथम काढली, त्याचा माणसांच्या भाविकपणावर भलताच विश्वास असावा. मुंबईतल्या जुन्या चाळींपासून कचेऱ्यांच्या मागच्या भिंतींपर्यंत गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का-मदिना आणि गुरू नानक एकाच ओळीत पहारा देताना दिसतात; सर्वधर्मसमभावाचे इतके चोख दर्शन आपल्याकडे अन्यत्र क्वचितच घडत असेल. पण तो धाक आता उरलेला नाही. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या वळणावर साईबाबांच्या उंचावलेल्या हाताखालून तंबाखूचा तपकिरी ओघळ थेट पायरीपर्यंत उतरला आहे, आणि तो खरवडून काढला की आठवड्याच्या आत नवा हजर होतो. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हा विनोद तूर्त बाजूला ठेवू.) संताप याचा येतो की थुंकणारे हेच गृहस्थ वाटेत देऊळ दिसले की चालत्या स्कूटरवरूनही छातीला हात लावतात, आणि प्रतिमेविषयी कोणी वावगे बोलले तर सर्वांत आधी यांच्याच भावना दुखावतात. सोसायटीच्या सभेत विषय काढला, तर उपाय काय सुचवला गेला? आणखी मोठ्या फरशा! अहो, देवाला आधीच बिनपगारी रखवालदार करून ठेवले आहे; त्याच्याच अंगावर पिचकाऱ्या बसू लागल्या तरी थुंकणाऱ्याला नावानिशी जाब विचारायला कार्यकारिणी तयार नाही, कारण तो गणपतीची वर्गणी सढळ हाताने देतो.