एक युरोत इटलीत फार्महाऊस? जरा थांबा

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच फिरतंय, की इटली सरकार नव्वद-शंभर रुपयात फार्महाऊस देतंय आणि सोबत नागरिकत्व फ्री, आणि तळमजल्यावरचे काका तर निघायच्याच तयारीत आहेत म्हणून हे लिहितोय. एक युरोची घरं खरी आहेत, पण ती इटली सरकार नाही, गावच्या नगरपालिका काढतात, कारण तरुण गाव सोडून गेले. सिसिलीतल्या सांबुका गावाने २०१९ ला लिलावच केला, एक युरो ही फक्त सुरुवातीची बोली होती, बरीच घरं हजारोंत गेली. मुसोमेली गावात ५,००० युरो डिपॉझिट ठेवायचं आणि ३ वर्षांत दुरुस्ती नाही केली तर ते गेलं. आणि फार्महाऊस कसलं, ही गावातली एकमेकांना चिकटलेली दगडी घरं, शेतजमीन वगैरे काही नाही. फॉरवर्डमधलाच फोटो झूम करा, छताची कौलं आत पडलीयेत आणि भिंतीतून झाड आलंय, अगदी आमच्या गिरगावच्या जुन्या चाळीतल्या पिंपळासारखं. म्हणजे छप्पर, प्लंबिंग, वायरिंग सगळं नव्याने, शिवाय नोटरीची फी वेगळी, आणि तिथला गवंडी काय परळच्या रेटने येणारे का!

राहिलं नागरिकत्व. घर घेतल्याने ते सोडा, राहायचा परवानाही मिळत नाही, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, नंतर गपचूप परत. काका, बॅगा सोडा.