आबासाहेब थंडावतात

घोडा मंदावला तर रस्त्याने जाणाऱ्यालाही कळते, कुत्रा मंदावला तर सगळ्या आळीला कळते. कासव मंदावले आहे हे ओळखायला मात्र जी चिकाटी लागते, ती सहसा संसारी माणसाकडे शिल्लक नसते. मुळात ज्याचा वेगच बेताचा, त्याच्या वेगात घट झाली हे ठरवायचे कशावरून? दिवस लहान होऊ लागले आणि सकाळचा वारा अंगाला झोंबू लागला, की आमच्या घरात हा प्रश्न उभा राहतो आणि आबासाहेब एकदाचे गाढ झोपेपर्यंत तो आम्हां कोणालाही धड झोपू देत नाही.

आबासाहेब हे मध्य आशियातल्या स्टेप प्रदेशातील जातीचे कासव आहे. दोन तळहातांवर मावेल एवढा आकार, मातकट रंग, प्रत्येक पायाला चार नखे आणि चेहऱ्यावर कायमची नाराजी. "एवढ्या पोक्त चेहऱ्याच्या जिवाला अरे-तुरे करायला माझी जीभ उचलत नाही," असे आईने पहिल्याच दिवशी जाहीर केल्यामुळे त्यांना नावाबरोबर आदरार्थी बहुवचनही मिळाले. डॉक्टरांनी शेपटीची लांबी पाहून ते खरोखरच आबासाहेब आहेत, आईसाहेब नव्हेत, असा निर्वाळाही दिला आहे. ही चौकशी आम्ही मुद्दाम केली होती. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याने टिमोथी नावाच्या कासवाची वर्षानुवर्षे बारकाईने टिपणे ठेवली. ते कासव १७९४ मध्ये वारले आणि पुढे त्याचे कवच तपासले गेले तेव्हा टिमोथी ही मादी असल्याचे निष्पन्न झाले. एवढ्या थोर निरीक्षकाची जिथे ही गत, तिथे आमची काय कथा?

उन्हाळ्यात आबासाहेब लोक समजतात तेवढे संथ नसतात. फरशीवर ऊन आले की ते पाय पसरून त्यात बसतात, अंग तापले की निघतात, आणि वाटेत खुर्चीचा पाय, चप्पल किंवा माणसाची टाच आली तर वळसा घालण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवत नाही. नखांची खरखर आणि कवच कपाटावर आपटल्याची ठकठक ऐकून ते या घटकेला घरात कुठे आहेत, हे आम्हांला मान वर न करता सांगता येते. पुढे हवा पालटते आणि ही खरखर हळूहळू विरळ होत जाते.

सर्वांत आधी फरक दिसतो तो जेवणात. एरवी जास्वंदीचे फूल दिसताच मान लांबवून झडप घालणारे आबासाहेब आता त्या फुलाकडे बराच वेळ पाहतात, सावकाश तोंड उघडतात, पाकळीचा एक कोपरा जबड्यात धरतात आणि इथवरचे श्रम पुरेसे झाले असे वाटून डोळे मिटतात. कासवाचा डोळा मिटतो तो मुख्यतः खालची पापणी वर सरकून, त्यामुळे आधीच नाराज असलेला चेहरा या क्षणी आपल्याला उद्देशून 'पुरे!' म्हणाल्याचा भास होतो. पाकळी तशीच तोंडातून लोंबत राहते. अशा अवस्थेत त्यांना पाहिल्यावर घरी आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवतो आणि आवाज शक्य तितका मऊ करून विचारतो, "हे... आहेत ना?"

प्रश्न अपमानास्पद असला, तरी त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. कासवाच्या फासळ्या कवचाशी एकजीव झालेल्या असतात, त्यामुळे श्वास घेताना त्याची छाती वरखाली होऊ शकत नाही. आपल्यासारखे श्वासपटलही त्याला नसते. पोटाचे स्नायू आणि पायांची आतबाहेर होणारी हालचाल यांच्या जोरावर त्याची फुप्फुसे चालतात, आणि त्याची बाहेरून दिसणारी खूण म्हणजे मानेजवळची व पायाच्या बेचक्यातली कातडी किंचित हलते, एवढीच. ती पाहण्यासाठी आमचे चिरंजीव मोबाइलचा दिवा लावून जमिनीवर पालथे पडतात, सौभाग्यवती त्यांच्या डोक्यावरून वाकून "हलली का रे?" असे विचारत राहतात आणि आई आतल्या खोलीतून "काय झालं ते मला कोणी सांगेल का?" असे ओरडते. त्याने भागले नाही, तर मागच्या पायाला हळूच बोट लावण्याचा अखेरचा उपाय उरतो. जिवंत कासव पाय आत ओढून घेते. ऐन थंडीत मात्र स्पर्श झाल्याची वार्ता पोचून तिच्यावर कारवाई होईपर्यंत इतका वेळ जातो, की तेवढ्यात आमच्यातल्या एका हळव्या सदस्याने बागेतली योग्य जागाही मनात नक्की केलेली असते.

कासवी म्हणे पिल्लांना पाजत नाही की भरवत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. संतांनी या कूर्मदृष्टीचा मोठा महिमा गायिला आहे. वास्तवातली कासवी खड्ड्यात अंडी घालून वर माती लोटते आणि जी चालू लागते ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. कूर्मदृष्टी खरोखर कोणी पाळत असेल, तर ते कासवाचे मालक. आम्ही चौघे आळीपाळीने आबासाहेबांना नुसत्या नजरेने जगवत असतो आणि त्याची त्यांना दखलही नसते.

आईचा उपाय नजरेवर थांबत नाही. थंडी सुरू झाली की ती स्वतःची जुनी शाल त्यांच्या पाठीवर घालते, आणि आबासाहेब सत्काराला बसवलेल्या वयोवृद्ध अध्यक्षांसारखे मान किंचित आत घेऊन डुलकी काढू लागतात. दृश्य भारदस्त असले तरी शालीचा उपयोग शून्य असतो. पांघरूण उष्णता निर्माण करत नाही, आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही; आणि कासवाच्या शरीरात साठवून ठेवण्याजोगी उष्णता फारशी तयारच होत नाही. भोवतालची हवा जेवढी गरम, जवळपास तेवढेच कासव गरम. किंबहुना गारठलेल्या कासवाला शाल गुंडाळली, तर त्याचा गारठाच जपून ठेवला जातो. हे मी आईला समजावून सांगितले, तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि शाल दुहेरी केली.

याच जातीची दोन कासवे सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत संघाच्या झोंड ५ या यानातून चंद्राला वळसा घालून आली आणि हिंदी महासागरात उतरून सुखरूप घरी पोचली. माणसे चंद्राभोवती फिरून आली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. घराण्याचा हा लौकिक ठाऊक असल्यामुळे, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून पाण्याच्या थाळीपर्यंत जाणेही आबासाहेबांना नकोसे होते, तेव्हा आमचा जीव जरा जास्तच खट्टू होतो.

खरे तर यात आबासाहेबांचे काहीही चुकत नाही. त्यांच्या मूळ मुलुखात हिवाळा असा कडक असतो, की जमिनीत खोल बीळ खणून त्यात शीतनिद्रा घेण्यावाचून गत्यंतर नसते. एवढेच नव्हे, तर भर उन्हाळ्यातही चारा वाळून गेला की ही मंडळी पुन्हा बिळात शिरतात. वर्षातले थोडेच महिने जगात वावरायचे आणि बाकीचे जमिनीखाली काढायचे, हा त्यांचा पिढीजात रिवाज आहे. दिवस लहान झाला आणि हवा उतरली, की त्यांच्या शरीराला आतून सूचना मिळते. घोटाळा होतो तो आमच्या घरामुळे. हिवाळ्याच्या तोंडावर घर ना धड ऊबदार असते ना धड गार, आणि ही तळ्यात-मळ्यात अवस्था कासवाला सगळ्यांत घातक. या हवेत अन्न पचवण्याइतके अंग तापत नाही आणि गाढ झोप लागण्याइतके ते निवतही नाही. कासव खात नाही, झोपत नाही आणि अंगातली चरबी मात्र जाळत राहते. म्हणजे एकतर दिवे लावून त्याचा उन्हाळा चालू ठेवा, नाहीतर त्याला रीतसर थंडीत झोपवा. मधला मार्ग काढायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आमच्या कुटुंबात आजवर प्रत्येक बाबतीत मधलाच मार्ग निघत आलेला असल्याने ही अट फार जाचक ठरली.

याच सुमारास शेजारचे काका सल्ला द्यायला येतात. त्यांच्या एका परिचिताचे कासव म्हणे वर्षभर टुणटुणीत असते, कधी झोपत नाही, आणि त्या अर्थी आबासाहेबांचे हे सगळे लाडाचे आहे. आता ते दुसरे कासव आफ्रिकेतले सुलकाटा असते. उष्ण प्रदेशातल्या अशा कासवांच्या रक्तात शीतनिद्रा नाहीच, त्यांना थंडीत ठेवले तर ती मरतील. आपल्याकडचे तारा कासवही त्यातलेच; शिवाय ते घरात पाळणे भारतात कायद्याने गुन्हा आहे. मी हा सगळा भेद विस्ताराने सांगतो. काका मान डोलावतात आणि जाताना आबासाहेबांकडे वळून "आळस झटका आता," असे म्हणून जातात.

अखेर झोपवायचेच ठरते, आणि तिथून खरे हाल सुरू होतात, अर्थात आमचे. प्रथम डॉक्टर डोळे, नाक, तोंड, वजन आणि विष्ठा तपासतात, कारण आजारी किंवा रोडावलेल्या कासवाला शीतनिद्रेत पाठवणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे. मग येतो उपवास. थंडीत पचनक्रिया थांबते आणि पोटात राहिलेले अन्न तिथेच कुजते, म्हणून झोपण्यापूर्वी काही आठवडे आधी खाणे बंद करून पोट संपूर्ण रिकामे व्हावे लागते. उष्मा लगेच कमी करूनही चालत नाही, कारण आधी खाल्लेले जिरायला ऊब लागतेच. "घरातला एक जीव उपाशी असताना आपण कसं जेवायचं?" या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते. ती जेवते, पण पानावर बसल्यावर प्रत्येक घासाआधी कोपऱ्याकडे एकदा पाहते, आणि आबासाहेबांना नुकत्याच लागलेल्या डुलकीला ती भुकेची ग्लानी समजते.

उपवासात पाणी मात्र वर्ज्य नाही, उलट आवश्यक आहे. हनुवटीखाली राहील एवढ्या कोमट पाण्यात त्यांना बसवले की ते मान वाकवून शांतपणे पाणी पितात आणि बऱ्याचदा त्याच पाण्यात पोटही साफ करतात. दुसरी गोष्ट घडावी म्हणून आम्ही ज्या एकाग्रतेने त्या घमेल्याभोवती उभे असतो, तेवढी एकाग्रता आम्ही मुलाच्या दहावीच्या निकालालाही दाखवली नव्हती. "झाली!" अशी आरोळी उठली की आतून आई "किती?" असे विचारते. बाहेरचे कोणी त्या वेळी घरात असल्यास त्याला सविस्तर खुलासा करावा लागतो.

आणि सरतेशेवटी फ्रिज. कासवाला शीतनिद्रेसाठी साधारण पाच अंश सेल्सियस तापमान लागते. ते शून्याखाली गेले तर डोळे कायमचे जाण्याची भीती. दहाच्या वर जाऊन तिथे राहिले तर जाग येऊन साठवलेली शक्ती वाया. एवढे अचूक हवामान आमच्या घरात फक्त फ्रिज देऊ शकतो, आणि जगभरातले कासवपाळे तोच वापरतात, हे मी सांगितले तेव्हा सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, माझ्या फ्रिजमध्ये?" कासवांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात, तेव्हा त्यांच्या शंकेत तथ्य होते. म्हणून आबासाहेबांसाठी स्वतंत्र फ्रिज आला. त्यात मातीने भरलेला, हवेला भोके ठेवलेला डबा, तापमान चढउतरू नये म्हणून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आणि नळीचे टोक आत व आकडा बाहेर दाखवणारा तापमापक. आत हवा खेळावी म्हणून फ्रिजचे दार नियमाने उघडावे लागते. विजेची बचत व्हावी म्हणून आम्ही मुलाला लहानपणापासून फ्रिज उघडा ठेवल्याबद्दल रागावत आलो, आता त्याच मुलाला "फ्रिज उघडलास का?" म्हणून रागावतो.

झोपलेल्या आबासाहेबांचे वजनही अधूनमधून करावे लागते. निरोगी कासवाचे वजन शीतनिद्रेत महिन्याला साधारण एक टक्का उतरते. एकूण घट दहा टक्क्यांच्या आसपास पोचली तर त्याला उठवावे लागते. झोपेत त्याने लघवी केली तरीही उठवावे लागते, कारण मूत्राशयातले पाणी हीच त्याची हिवाळ्याची शिदोरी असते. त्यामुळे रात्री वीज गेली की घरात मेणबत्ती शोधण्याआधी तापमापकाकडे धाव घेतली जाते, आणि डबा उचलताना प्रत्येक जण आधी तळाशी ओल लागते का हे बोटाने चाचपतो. नातेवाइकांत एक लग्न होते तेव्हाही मी मागे राहिलो होतो. निमंत्रणाच्या उत्तरात खरे कारण लिहिण्याची आम्हां कोणाची छाती झाली नाही.

हे किती वर्षे चालणार, याचा हिशेब परवा सौभाग्यवतींनी मांडला. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन नावाचे कासव १८३२च्या सुमारास जन्मले असे मानतात. ते महाकाय जातीचे असल्याने ती तुलना बाजूला ठेवली, तरी आबासाहेबांच्या जातीची कासवे चाळीस-पन्नास वर्षे सहज काढतात. टिमोथीसुद्धा व्हाइट यांच्याकडे आला तो आत्याच्या पश्चात, वारसा म्हणून. तेव्हा आमच्या पश्चात आबासाहेबांना सांभाळायचे आहे, हे चिरंजीवांना आताच सांगून ठेवावे असे ठरले. त्याने सर्व नीट ऐकून घेतले, दोन्ही फ्रिजांची वॉरंटी तपासली आणि नवा फ्रिज आपल्या नावावर करून मिळणार असेल तर विचार करतो, असे कळवले. आई अजून शालीच्या वारसाबद्दल काही बोललेली नाही.